आधी शी नीट बघ: मामाचे कानमंत्र

चि. सई,

शेरू हा कुत्रा आणि मनी ही मांजर, दोघेही तुझ्या घरी आले, फार आनंद झाला. आता नावं, पट्टे, खेळणी सगळं झालं असेल, म्हणून मी कामाचं लिहितो. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करताना कुत्र्या-मांजरांच्या ज्या तक्रारी सतत कानावर आल्या, त्यांत पातळ संडास अगदी वरच्या ओळीत होती. जनावर घेऊन आलेला माणूस पहिला प्रश्न विचारायचा, "जुलाब थांबायला काय देऊ?" आमचे मोठे डॉक्टर म्हणायचे, "थांबवू नंतर. कुठून येतोय ते आधी सांगा." त्यांनी मला जे शिकवलं तेच तुला देतो. जुलाब हा स्वतः आजार नसतो. आत काहीतरी बिघडलंय, त्याची ती खूण असते. खूण वाचता आली, तर घरी काय करायचं आणि कधी धावायचं हे तुझं तुला कळेल.

शी बघायची किळस सोड

पहिला मंत्र हाच. पिशवीत गुंडाळून टाकण्याआधी बघ, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेव.

आतड्याचे दोन भाग धर. लहान आतड्यात अन्न पचतं आणि त्यातलं सत्त्व रक्तात जातं. मोठ्या आतड्यात उरलेलं पाणी शोषलं जातं आणि मळ साठतो. बिघाड कुठे आहे त्यावर संडासचं रूप बदलतं.

लहान आतडं बिघडलं की एका वेळेला भरपूर, पाण्यासारखी शी होते. दिवसातून होण्याची संख्या फार वाढत नाही, दोन-चार वेळाच. जनावर कुंथत नाही. सोबत उलटी असू शकते, आणि दुखणं लांबलं तर वजन उतरतं.

मोठं आतडं बिघडलं की शेरू तासातासाला दाराशी जाईल, कुंथेल, आणि प्रत्येक वेळी चमचाभरच करेल. त्यात आव असेल, म्हणजे शेंबडासारखा चिकट भाग, आणि कधी शेवटी लाल रक्ताचे थेंब. अशा वेळी जनावर बहुधा खातं-पितं, खेळतं, आणि वजनही टिकून असतं.

डॉक्टरांना "फार जुलाब होतायत" एवढंच सांगितलंस, तर त्यांना सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं. "दिवसातून आठ वेळा, थोडी थोडी, आव पडते, कुंथतो" असं सांगितलंस, तर ते थेट मोठ्या आतड्याकडे वळतील.

रंग काय सांगतो

डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची शी म्हणजे वर कुठेतरी, जठरात किंवा लहान आतड्यात, रक्त सांडलंय आणि ते पचून खाली आलंय. लोहाच्या गोळ्यांनी किंवा भरपूर कलेजी खाल्ल्यानेही शी काळपट होते, म्हणून तेही आठवून सांग. अंगावर गोचीड असलेल्या कुत्र्याला काळी शी झाली किंवा नाकातून रक्त आलं, तर गोचीड तापाचा संशय धर. त्या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात.

ताजं लाल रक्त खालच्या भागातून येतं. थोडंसं आणि एखाद्या वेळीच असेल, तर घाबरू नकोस, पण त्याच दिवशी फोन कर. जॅमसारखी लाल, दाट शी एकाएकी, धडाधड व्हायला लागली, तर फोनवर वेळ न घालवता निघायचं. लहान जातीच्या कुत्र्यांत हा प्रकार जास्त दिसतो, आणि काही तासांत रक्त घट्ट होऊन जनावर कोसळतं.

फिकट, तेलकट, ढीगभर आणि घाण वासाची शी म्हणजे अन्न न पचताच बाहेर पडतंय. शीवर किंवा गुदद्वाराच्या केसांत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमीचे. ही कृमी पिसवांमधून येते. अंग चाटताना पिसू गिळली गेली की ती पोटात पोहोचते. म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही. पिसवा राहिल्या तर कृमी परत येते.

कधी थांबायचं नाही

धडधाकट, वाढलेलं जनावर एखादा दिवस पातळ करतंय, पण चपळ आहे, पाणी पितंय, उलटी नाही, तर चोवीस तास घरी बघायला हरकत नाही. असे बरेचसे जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप आवरतात. पुढचं काही दिसलं मात्र, तर दवाखाना गाठ:

- शी काळी आहे किंवा त्यात बरंच रक्त आहे.
- जुलाबासोबत वारंवार उलटी होतेय, पाणीही पोटात राहत नाही.
- जनावर मलूल आहे, उठत नाही, हाक मारल्यावर बघत नाही.
- पोट फुगलंय किंवा हात लावला की कण्हतंय.
- पिल्लू आहे, म्हातारं आहे, गाभण आहे किंवा आधीच किडनीचं, मधुमेहाचं दुखणं आहे.
- उंदराचं औषध, कीटकनाशक किंवा माणसाची गोळी खाल्ल्याचा संशय आहे.

अंगातलं पाणी किती गेलं हे घरी बघता येतं. ओठ वर करून हिरडीला बोट लाव. ओली, गुळगुळीत लागली तर ठीक. बोटाला चिकटली तर पाणी कमी पडलंय. मग हिरडी बोटाने दाबून सोड. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची पद्धतही आहे, पण म्हातारं किंवा रोड जनावर असेल तर कातडी एरवीही हळू बसते, आणि लठ्ठ असेल तर पाणी गेलेलं असूनही पटकन बसते. म्हणून हिरडीवर जास्त भरवसा ठेव. दोघांचंही तापमान साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते एरवीही गरमच लागतात, म्हणून ताप हाताने ठरवू नकोस.

पिल्लाला जुलाब म्हटलं की आधी पार्व्हो

शेरू अजून लहान आहे, म्हणून हे दोनदा वाच. पार्व्होचा विषाणू 1978 मध्ये जगाच्या लक्षात आला, आणि तेव्हापासून तो पिल्लांचा मोठा वैरी आहे. सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना तो सर्वांत जास्त गाठतो. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांवर तो तुटून पडतो. त्यामुळे एकीकडे आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं आणि दुसरीकडे अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बनणं मंदावतं. लढणारे सैनिक कमी झालेले असतानाच आतड्यातले जंतू रक्तात शिरतात.

सुरुवात जुलाबाने होईलच असं नाही. आधी पिल्लू खाणं सोडतं, गप्प पडून राहतं, उलटी करतं. रक्ताचे, विशिष्ट दुर्गंधीचे जुलाब त्यानंतर लागतात. म्हणून "जुलाब लागले की नेऊ" असं म्हणत बसू नकोस. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू एका वेळेला जेवलं नाही आणि ओकलं, एवढंही न्यायला पुरे आहे. शीच्या नमुन्यावर करायची चाचणी दवाखान्यात काही मिनिटांत होते. विषाणूला मारणारं हमखास औषध हाताशी नसतं, पण सलाईन, उलटीवरची औषधं आणि शुश्रूषा वेळेवर मिळाली तर पुष्कळ पिल्लं वाचतात. उपचारांवाचून मात्र बहुतेक जातात.

लस सहा ते आठ आठवड्यांची असताना सुरू होते आणि दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. एकच इंजेक्शन का पुरत नाही, असं लोक विचारतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात काही आठवडे राहते आणि लसीला काम करू देत नाही. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा डोस. हे डोस पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्री हगतात-मुततात अशा जागी शेरूला खाली सोडू नकोस. दवाखान्यातही कडेवर घेऊन जा.

पार्व्होच्या खालोखाल जंत. गोलकृमी कुत्रीच्या गर्भातूनच पिल्लात येतात, आणि मांजराच्या पिल्लांत आईच्या दुधातून. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजता येतील असं पिल्लू दिसलं की जंत समज. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. हिरड्या पांढरट पडतात, शी काळी होते, आणि छोटं पिल्लू नुसत्या रक्तक्षयानेच दगावू शकतं. कुत्र्याच्या पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध देतात. डोस वजनावर असतो, म्हणून आधी वजन कर. अंदाजाने अर्धी गोळी देऊ नकोस.

मनीचं गणित वेगळं

मांजर दुखणं लपवतं आणि शी पुरतं. मनी बाहेर जात असेल तर जुलाब लागल्याचं तुला चार दिवस कळणारही नाही. मागच्या पायांचे केस चिकटलेत का, लिटर बॉक्सच्या बाहेर घाण झालीय का, ती शेपटीखाली सारखी चाटतेय का, यावर नजर ठेव.

मांजराला उपाशी ठेवायचं नाही. कुत्र्याच्या बाबतीत एक वेळ पोटाला विश्रांती देतात, तो नियम मनीला लावू नकोस. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि जुलाबापेक्षा मोठं संकट उभं राहतं. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. चोवीस तासांत तिने काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांना कळव.

मांजरांचाही एक पार्व्हो असतो. कुत्र्याच्या विषाणूचा तो जवळचा नातेवाईक आहे. काही पिल्लं जुलाब लागायच्या आतच जातात. मांजरांच्या तीन-रोगांच्या लसीत त्याची लस असते. "घरातच असते, लस कशाला" असं म्हणू नकोस. तो विषाणू चपलेच्या तळव्यावर बसूनही घरात येतो.

दोरा गिळायची मांजरांना फार वाईट खोड असते. शिवणाचा दोरा, राखीचा रेशमी गोंडा, संक्रांतीनंतर गच्चीत पडलेला मांजा, काहीही चालतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नकोस. आत त्याच्यावर आतडं चुणीसारखं गोळा झालेलं असतं, आणि ओढलं की कापलं जातं. तशीच तिला घेऊन नीघ.

शेजारच्यांच्या बोक्यासाठीही एक गोष्ट सांगून ठेव. बोका लिटर बॉक्समध्ये वारंवार बसून कुंथत असेल, तर लोकांना वाटतं पोट बिघडलंय. आधी बघायचं, लघवी होतेय का? लघवी तुंबलेली असेल तर तो तासांचा खेळ आहे.

खाण्यापिण्यातली कारणं

आजार म्हणावा असं काही नसतानाही जुलाब होतात, आणि त्यांचं मूळ आपल्याच हातात असतं.

दुधाचंच बघ. आईचं दूध सुटलं की कुत्र्या-मांजरांच्या पोटात दुधातली साखर पचवणारा पाचकरस कमी होतो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब लागतात. दूध बंद केलं की थांबतात. ताजं दही शेरूला चमचा-दोन चमचे चालतं.

खाणं बदलायचं असेल तर सात ते दहा दिवस घे. आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. एका दिवसात ब्रँड बदलला की पोट बिघडतं, मग लोक नव्या ब्रँडला नावं ठेवतात.

दिवाळीत दवाखान्यात रांग लागते ती चकली-शेव-अनारशांच्या तळणाने. एकदम तेलकट पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रा ओकतो, पोटदुखीने पुढचे पाय पसरून मागचा भाग वर ठेवतो. त्यातच फटाक्यांची भीती. नुसत्या ताणानेही मोठं आतडं बिघडतं आणि आव पडते. घर बदललं, कुत्र्याला बोर्डिंगला ठेवलं, तरी असं होतं. रविवारी मटणाच्या चोथ्याबरोबर हाडं देऊ नकोस. त्यांच्या कपच्या आतडं खरचटतात.

पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नकोस. जिआर्डियासारखे एकपेशीय जीव दूषित पाण्यातून येतात आणि पातळ, आंबूस, तेलकट जुलाब लागतात. उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून लेप्टो येतो. त्यात उलटी, जुलाब, ताप आणि डोळे-हिरड्या पिवळ्या पडणं दिसतं. लेप्टो माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पूस.

घरातली औषधपेटी बंद ठेव

आपल्या घरात बाळाला जायफळ उगाळून चाटवायची रीत आहे. कुत्र्याला जायफळ द्यायचं नाही. त्यातली द्रव्यं त्याला बाधतात, जास्त गेलं तर छाती धडधडते आणि झटकेही येतात. कोरा चहा, कॉफीही नाही.

माणसांची जुलाब थांबवणारी गोळी आतड्याची हालचाल रोखते. आत विष किंवा जंतू असतील तर ते तिथेच कोंडले जातात. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे हेच औषध त्यांच्या मेंदूत शिरतं. मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही, एक गोळीही जीव घेते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक दिल्याने जठरात व्रण होतात आणि किडनीला इजा होते. उरलेल्या अँटिबायोटिकची गोळीही देऊ नकोस. साध्या जुलाबात तिची बहुधा गरज नसते, आणि आतड्यातले उपयोगी जंतूही तिने मरतात.

पहिल्या चोवीस तासांत काय करायचं

पाणी सतत समोर ठेव, ताजं आणि उकळून गार केलेलं. उलटी होत असेल तर एकदम वाडगाभर नको, थोडं थोडं दे. ओआरएस द्यायचं तर डॉक्टरांना विचारून. पडून राहिलेल्या जनावराच्या तोंडात सिरिंजने पाणी ओतू नकोस, ते श्वासनलिकेत जातं.

वाढलेल्या कुत्र्याचं एक जेवण टाळलं तरी चालतं. पिल्लाचं टाळायचं नाही, कारण रक्तातली साखर उतरते. मग एक भाग चिकन आणि दोन भाग मऊ भात. चिकन कातडी-हाडं काढून नुसत्या पाण्यात शिजवायचं. मीठ, मसाला, तूप, फोडणी नको. कांदा-लसूण तर दोघांनाही विषच. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं घाल. उकडलेल्या लाल भोपळ्याचा चमचाभर गर मिसळला तरी चालतो. मनीला जवळजवळ नुसतं चिकनच दे. घरात चिकन शिजवायचं नसेल, तर शेरूला मऊ भात आणि थोडं ताजं दही दे, तेही दोन-चार दिवसच. शी बांधून यायला लागली की तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आण.

लांबलेला जुलाब

तीन आठवड्यांच्या पुढे गेलेला किंवा थांबून परत परत येणारा जुलाब हा वेगळा विषय आहे. पुष्कळदा खाणंच सोसत नसतं, आणि डॉक्टर ठरवून दिलेला एकच आहार काही आठवडे घालून बघतात. त्या काळात घरातल्या कुणी चोरून बिस्किटाचा तुकडाही द्यायचा नाही. जर्मन शेफर्ड भरपूर खातो पण वाळत जातो आणि ढीगभर फिकट शी करतो, तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडत असतील. ते औषधरूपात खाण्यात मिसळून देता येतात. म्हातारी मांजर खूप खाऊनही वाळतेय तर थायरॉइड तपासतात. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी प्यायला लागली, ओकली, पातळ करू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यायचा, आणि तो उशीर न करता.

शीच्या तपासणीत एकदा जंत दिसले नाहीत म्हणजे नाहीतच, असं नसतं. काही कृमींची अंडी रोज बाहेर पडत नाहीत. वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने दे, सकाळची ताजी शी, स्वच्छ डबीत.

हात, फरशी, लिटर

पार्व्हो माणसाला होत नाही, पण गोलकृमी, अंकुशकृमी, सॅल्मोनेला होऊ शकतात, आणि आधी लहान मुलांना. शी उचलल्यावर साबणाने हात धू. मुलं खेळतात त्या वाळूत कुत्र्याला बसू देऊ नकोस.

पार्व्होचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने भरवशाने मरत नाही. आधी घाण पूर्ण पुसून काढ, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशी दहा मिनिटं ओली ठेव, मग धू. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नकोस, विषारी वायू होतो. मनी घरात असल्याने फिनाईल एरवीही टाळ. तिच्या यकृताला ती द्रव्यं नीट पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना तीच तिच्या पोटात जातात.

आता शेवटचं. एक वही कर, आजच. पहिल्या पानावर दोघांचं वजन, लसीच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा, रोजचं खाणं, तुझ्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघडा असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर. पोट बिघडलं की पुढच्या पानावर लिहायचं: कधीपासून, किती वेळा, किती, रंग कोणता, रक्त किंवा आव आहे का, उलटी आहे का, काय खाल्लं, लघवी झाली का. फोन करताना ते पान समोर धर. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही, आणि डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं.

तुझा,
मामा